उपक्रमे सर

प्रत्येक शाळेत एक उपक्रमे सर असतात. हजेरीपटावर त्यांचं आडनाव वेगळं असतं, पण ते पगारबिलापुरतं. एरवी शिपाईमामांपासून संस्थेच्या सचिवांपर्यंत सगळे त्यांना उपक्रमेच म्हणतात आणि त्यांचीही त्याला हरकत नसते. आमच्या हायस्कुलातले उपक्रमे सर कागदोपत्री इतिहास-भूगोलाचे. त्यातला भूगोल ते शिकवतात. इतिहास साजरा करतात.

माणूस पन्नाशी ओलांडलेला, ठेंगणा, चालताना कायम बरोबरच्यापेक्षा दोन पावलं पुढे. खिशाला तीन पेनं, गळ्यात शिट्टी आणि डाव्या मनगटावर प्लास्टिकच्या फुलांचा हार, कारण हार कधी लागेल ते सांगता येत नाही. जन्मात विडी-सिगारेटला शिवलेले नाहीत, पण खिशात काडेपेटी हटकून असते. दीपप्रज्वलनाच्या वेळी पाहुण्यांच्या हातातली काडी वाऱ्याने विझली, की दुसरी पेटलेली काडी लगेच पुढे येते. नारळ फोडायचा दगडसुद्धा त्यांचा ठरलेला आहे. तो ध्वजस्तंभाच्या मागे असतो. एकदा कुणीतरी तो उचलून गाडीच्या चाकाखाली लावला, तर सर आठवडाभर स्टाफरूममध्ये चहाला आले नाहीत.

आम्हा बाकीच्यांचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, सरांचं शरदात. जून प्रवेशात जातो, जुलै चिखलात. ऑगस्टमधला स्वातंत्र्यदिन सगळ्या गावाचा, तिथे एकट्या माणसाला वाव कमी. पण सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात शिरतो, रानात सोयाबीन काढणीला येतं आणि इकडे सर कपाट उघडतात.

हे कपाट तसबिरींचं. आत उदबत्तीचा आणि कसरीच्या गोळ्यांचा मिळून एक वास. तसबिरी लावलेल्या आहेत त्या तारखेच्या क्रमाने. प्रत्येकीच्या पाठीला चिठ्ठी: जयंती अमुक, पुण्यतिथी तमुक, भाषण कोण, मागच्या वर्षीचं भाषण कोण आणि ते किती लांबलं. कार्यक्रम झाला की ती तसबीर पुसून रांगेत मागे जाते आणि पुढची दाराशी येते. २ ऑक्टोबरला मात्र दोन तसबिरी एकदम बाहेर येतात, गांधीजी आणि लालबहादूर शास्त्री. त्या दिवशी सर दोन्ही हार वितीने मोजून घेतात. "एका तारखेला जन्मले यात शास्त्रीजींचा काय दोष?" असं म्हणून लहान हारात ते स्वतःच्या बागेतली चार फुलं जास्त ओवतात. शाळेतल्या इतक्या वर्षांत या बाबतीत तक्रार आलेली नाही, आणि येणार तरी कोणाकडून, हा प्रश्न सरांना पडत नाही.

कपाटानंतर फलक. दर्शनी भागातला मोठा फळा सरांच्या मालकीचा समजला जातो. त्यावर लिहिण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. आदल्या संध्याकाळी फळा ओल्या फडक्याने पुसायचा आणि वाळू द्यायचा. मग रंगीत खडू वाटीतल्या साखरेच्या पाण्यात बुडवायचे. ओला खडू लिहिताना फिका दिसतो, वाळला की अक्षर उठतं आणि पोरांच्या दप्तराने पुसलं जात नाही. मुंग्या मात्र येतात. 'आगामी कार्यक्रम' यातल्या 'आगामी'वर दरवर्षी मुंग्यांची रांग असते.

फलकावरचा मजकूर असा: "सर्व विद्यार्थी व पालक यांना कळविण्यात येते की, येत्या काळात शाळेत पुढील कार्यक्रम होतील. भोंडला (फक्त मुलींसाठी, मुलांनी खिडकीतून पाहू नये). पाटीपूजन (पाटी नसल्यास वही, वही हरवली असल्यास नवी). आकाशकंदील कार्यशाळा (कात्री घरून आणावी, घरी विचारून आणावी). प्रथम सत्र परीक्षा (वेळापत्रक आत पाहावे). किल्ले स्पर्धा (परीक्षक घरी येतील, चहाचा आग्रह करू नये)." यात परीक्षा चौथ्या नंबरवर का, असं मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं. सर म्हणाले, "सर, परीक्षेला मुलं येतातच. बोलवावं लागतं ते बाकीच्यांना."

भोंडल्याची गोष्ट सांगतो. चित्रकलेचे सर पाटावर हत्ती काढतात. सोंडेपर्यंत तो हत्ती असतो, मागून म्हैस होते. मुली फेर धरतात, पण गाणी पाठ असतात ती त्यांच्या आज्यांना, म्हणून सर दोन आज्यांना रीतसर पत्र देऊन बोलावतात. 'मार्गदर्शक' असा उल्लेख असलेलं ते पत्र त्या आज्या देवघरात ठेवतात, हे मला एका विद्यार्थिनीकडून कळलं. शेवटी खिरापत ओळखायची. मुलींचं नेहमीचं "गोड की तिखट" सुरू झालं, की भूगोलाचे सर जागे होतात. "शेंगदाणा ओळखलात, ठीक. आता बेदाणा कुठला?" "सांगलीचा!" "डाळिंब?" "सोलापूर!" "काजू?" "सिंधुदुर्ग!" "गूळ?" यावर खिडकीतून, जिथून पाहायला मनाई होती तिथून, पाचपन्नास मुलगे ओरडतात, "कोल्हापूर!" आणि खिरापत त्यांनाही द्यावी लागते. पुढच्या वर्षीपासून फलकावरची कंसातली सूचना तशीच राहिली, फक्त खिरापत दुप्पट करायची असं ठरलं.

सरांची खरी हुशारी दिसते ती दोन दिवस एकाच तारखेवर आले की. सामान्य माणूस अशा वेळी एक कार्यक्रम पुढे ढकलतो. सर ढकलत नाहीत. २०२५ साली दसरा आला तो नेमका २ ऑक्टोबरला. आता करायचं काय? एकीकडे शस्त्रपूजन, दुसरीकडे अहिंसा. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. संस्कृतच्या बाई म्हणाल्या, परंपरा मोडायची नाही. मराठीचे सर म्हणाले, गांधीजींच्या समोर तलवार नको, कागदाचीसुद्धा नको. उपक्रमे सरांनी दोघांचं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि मामांना सांगितलं, "झाडू काढा."

सकाळी सरस्वतीपुढे चौरंगावर शाळेचे चौदा खराटे आणि केरसुण्या मांडलेल्या. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. बाजूला गांधीजी आणि शास्त्रीजी, हार समान लांबीचे. पूजा झाली, आरती झाली आणि मग त्याच पूजलेल्या शस्त्रांनी मैदान झाडलं. दसऱ्याचं सीमोल्लंघन व्हावं म्हणून मुलं कुंपणाबाहेरचा रस्ताही झाडून आली. प्रमुख पाहुणे पोलीस स्टेशनचे साहेब होते. ते भाषणात म्हणाले, आमच्याकडेही शस्त्रपूजन झालं, पण नंतर शस्त्र वापरायला मिळालेलं मी पहिल्यांदाच पाहतो. सरांनी हे वाक्य अहवालात घातलं.

१५ ऑक्टोबरचा पेच याहून मोठा. डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला २०१५पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन असतो. त्याच तारखेला जागतिक हात धुवा दिनही येतो. आणि दिवाळी जवळ आली, की सत्र परीक्षाही त्याच आठवड्यात. अशाच एका वर्षी आदल्या दिवशी सर माझ्याकडे आले. मी दहावीला गणित शिकवतो, म्हणजे सरांच्या दृष्टीने तास उसना देणारी बँक.

"उद्या पेपरच्या आधी पंधरा मिनिटं द्या."

"कशाला?"

"हात धुवायचे आहेत."

"सर, भूमितीचा पेपर आहे. ऑपरेशन नाही."

"तुम्ही काही करू नका. फक्त नळ बंद करू नका, एवढं मामांना सांगा."

दुसऱ्या दिवशी पेपरच्या अर्धा तास आधी मुलं नेहमीप्रमाणे व्हरांड्यात, जिन्यात, झाडाखाली वह्या-पुस्तकं उघडून बसली होती. कुणी प्रमेय पुटपुटतंय, कुणी दुसऱ्याच्या वहीतून वाचतंय, एकजण डोळे मिटून वाचतोय. तेवढ्या तळमळीने आमची मुलं वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी वाचत नाहीत. सर फोन घेऊन फिरले आणि सगळ्यांचे फोटो काढले. वाचन प्रेरणा दिन झाला. मग मुलांना ओळीने नळावर नेऊन हात धुवून घेतले, त्याचेही फोटो झाले. पेपर वेळेवर सुरू झाला. जाताना सर मला म्हणाले, "बघा, तुमचं एक मिनिट घेतलं नाही." हात धुऊन वाचनाच्या मागे लागणं म्हणजे काय, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

फोटो हा या साऱ्या कारभाराचा प्राण. पूर्वी कार्यक्रम केला की अहवाल लिहायचा. आता अहवालाला फोटो लागतो आणि फोटोवर ठिकाण, तारीख, वेळ उमटलेली लागते. सरांनी त्यासाठी नातवाकडून ॲप शिकून घेतलं. एकदा नेटवर्कने दगा दिला आणि आमच्या शाळेची स्वच्छता शेजारच्या गावात झाली असं फोटोत आलं. त्या गावच्या शाळेने तोच फोटो आपला म्हणून वर पाठवला, असा सरांना दाट संशय आहे. अहवालाची भाषा मात्र बदललेली नाही. कार्यक्रम 'उत्साहात संपन्न' होतो, पाहुणे 'मौलिक मार्गदर्शन' करतात, विद्यार्थी 'मंत्रमुग्ध' होतात. पाहुणे आलेच नाहीत त्या वर्षीही मार्गदर्शन मौलिक होतं, कारण अहवाल आदल्या रात्री लिहून झाला होता.

सूत्रसंचालन सर स्वतः करतात. "मी आपला फार वेळ घेणार नाही," असं ते म्हणाले, की मुलं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतात. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा परिपाठ तर शाळेच्या इतिहासात नोंदला गेला पाहिजे. मुलांचं चित्त घराकडे, दप्तर पाठीवर. सर सूचना देतात: फटाके उडवू नका. उडवलेच तर सुती कपडे घाला. किल्ला करताना शेजाऱ्याची माती विचारून घ्या. शिवाजी महाराजांना वर बसवा, आणि प्लास्टिकचा रणगाडा किल्ल्यावर ठेवू नका, सतराव्या शतकात तो नव्हता. किल्ल्यावर हळीव किंवा मोहरी पेरा, चार दिवसांत हिरवं होतं. मामाच्या गावाला जाल तिथे मामाला त्याच्या गावचा इतिहास विचारा. मामाला माहीत नसेल तर मामीला विचारा. इथपर्यंत मुलं ऐकतात. मग सर म्हणतात, "आता फटाकेमुक्त दिवाळीची प्रतिज्ञा. उजवा हात पुढे." चारशे हात पुढे होतात. पुढच्या रांगेतल्या एका पोराच्या हातात टिकल्यांचं पाकीट असतं. सर ते काढून घेतात, खिशात ठेवतात आणि प्रतिज्ञा पुढे चालू करतात. सरांच्या खिशात काडेपेटी आणि टिकल्या एकत्र आहेत, हे लक्षात येऊन मी दोन पावलं मागे सरकून उभा राहिलो.

दिवाळीनंतरची यादी ते सुट्टीतच तयार करतात. ११ नोव्हेंबर, मौलाना आझाद, राष्ट्रीय शिक्षण दिन. १२ला सलीम अली. ५ तारखेला मारुती चितमपल्लींची जयंती. त्या दोघांच्या मधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह. १४ला बालदिन, त्या दिवशी शिक्षकांनी मुलांसमोर गाणी म्हणायची. २६ला संविधान दिन, उद्देशिकेचं सामूहिक वाचन. एकदा वैतागून मी म्हटलं, "आमच्या गणिताला एकही दिवस नाही, हे त्या विषयाचं नशीब." सरांनी डायरी काढली. "२२ डिसेंबर, रामानुजन जयंती, राष्ट्रीय गणित दिन. प्रास्ताविक तुम्ही करताय." तेव्हापासून मी तोंड उघडण्याआधी कॅलेंडर बघतो.

आता एवढं वाचून तुम्हाला वाटेल, की हा माणूस म्हणजे निव्वळ हार-नारळाचा खेळ. मलाही वाटायचं, आणि दहावीचा अभ्यासक्रम डोक्यावर असताना अजूनही महिन्यातून दोनदा वाटतं. पण एक ७ नोव्हेंबर सांगतो, मग काय तो निवाडा करा.

१९०० साली ७ नोव्हेंबरला बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेत पहिलं पाऊल टाकलं. आज तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. रजिस्टरमध्ये नाव होतं भिवा. राज्यात २०१७पासून हा विद्यार्थी दिवस मानतात. त्या वर्षी दिवाळी लवकर झाली होती, शाळा नुकती भरली होती. आम्हाला वाटलं, तसबीर येईल, हार येईल, वीस मिनिटांत सुटू. तसबीर आली, हार आला, पण भाषणाऐवजी सरांनी कचेरीतून शाळेचं जुनं जनरल रजिस्टर आणलं. कापडी बांधणीचं, कोपरे कुरतडलेलं, दोघांनी उचलावं लागेल इतकं जड. ते टेबलावर ठेवून म्हणाले, "भिवाची नोंद साताऱ्याला आहे. तुमच्या घरातला पहिला माणूस शाळेत कधी आला, त्याची नोंद इथे आहे. ओळीने या. बोट लावायचं नाही, पट्टी लावायची."

मुलं आली. कुणाला आजोबा सापडले, कुणाला चुलत आजोबा. "सर, आमच्या आजोबांची वर्तणूक 'बरी' लिहिली आहे!" असा एक आनंदी चीत्कार झाला. जन्मतारीख जवळजवळ सगळ्यांची १ जून, यावर हशा पिकला. मग आठवीतल्या एका मुलीने पट्टी धरली. हिचा वर्गात आवाज ऐकू येण्यासाठी आम्ही फळा पुसणं थांबवायचो. तिला आजी सापडली. प्रवेश पाचवीत. पट्टी सरकत सरकत शेवटच्या रकान्यांवर आली. शाळा सोडल्याची तारीख, त्याच वर्षीचा डिसेंबर. कारण: 'गैरहजर'.

"सर, आजी म्हणते तिला शाळा फार आवडायची," मुलगी म्हणाली. "मग गैरहजर का?"

सरांनी मौलिक मार्गदर्शन केलं नाही. म्हणाले, "रजिस्टरला माहीत नाही. घरी जाऊन विचार आणि उद्या परिपाठाला सांग."

दुसऱ्या दिवशी ती माइकसमोर उभी राहिली. धाकटा भाऊ सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून आजीची शाळा सुटली. चार वाक्यं होती, तिसऱ्या वाक्याला माइकची वायर निघाली, ती सरांनी लावली, आणि तिने तिसरं वाक्य पुन्हा म्हटलं. त्या आठवड्यात अकरा मुलं घरून असंच काहीबाही विचारून आली. उसाची तोडणी, वडिलांचं आजारपण, एस.टी. नव्हती, फी नव्हती. सरांनी सगळं एका वहीत उतरवून घेतलं आणि ती वही रजिस्टरच्या शेजारी ठेवली. रजिस्टरमध्ये खाडाखोड करता येत नाही, पण शेजारी वही ठेवायला कुणाची मनाई नाही, हे त्यांनी मुख्याध्यापकांना पटवलं. त्या मुलीची आजी आता भोंडल्याला मार्गदर्शक म्हणून येते. पत्रावर तिच्या नावापुढे सर 'माजी विद्यार्थिनी' असं लिहितात.

या उपक्रमाचा फोटो काढायचं सर विसरले. अहवालही गेला नाही. वरून विचारणा आली, तेव्हा त्यांनी भिवाच्या तसबिरीला हार घालतानाचा फोटो पाठवला आणि 'उत्साहात संपन्न' लिहिलं.

माझं मत विचाराल तर शाळेला अभ्यासक्रम पुरा करणारे शिक्षक लागतात आणि ते पुष्कळ असतात. मुलांना घरी जाऊन काहीतरी सांगावंसं वाटेल असं करणारा एखादाच असतो. त्यासाठी त्याला वर्षात पंचवीस कार्यक्रम करावे लागतात, त्यातले वीस हार-नारळात जातात, चार फोटोत जातात आणि एक लागतो. नेमका कोणता लागणार हे आधी कळत नाही, म्हणून तो पंचवीसही करतो. त्यात माझे तास जातात. जाऊ देत, वर्गमूळ कुठे पळून जात नाही.

तेव्हा या दिवसांत तुमच्या मुलाच्या दप्तरातून एखादी चुरगळलेली सूचना निघाली, किंवा पालकांच्या ग्रुपवर 'उपस्थितीची नम्र विनंती' आली, तर नुसता अंगठा दाखवू नका. जाऊन या. खुर्च्या भरपूर रिकाम्या असतात. भाषण लांबेल, चहा गार मिळेल. पण शक्यतो पहिल्या रांगेत बसा, सरांना फोटोसाठी पालक लागतात.